जीमॅटच्या वाक्यशुद्धीसाठी पुन्हा शिकलेले वाक्यपृथक्करण

२०२१ च्या अखेरीस मी पहिल्यांदा जीमॅट ही व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा दिली, तेव्हा क्वांटमध्ये (गणितात) ४९ आणि व्हर्बलमध्ये (इंग्रजीच्या भागात) २८ गुण मिळाले आणि एकूण गुणसंख्या साडेसहाशेच्या आत राहिली. चाकणच्या वाहन उद्योगात काही वर्षे काम केल्यावर व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे मी ठरवले होते. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि आयआयएममधील अनुभवी उमेदवारांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि या दोन्ही ठिकाणी जीमॅटचे गुण चालतात. गणिताचा भाग अभियांत्रिकीच्या जोरावर निभावला होता. व्हर्बलमधल्या २८ गुणांचा अर्थ मात्र असा होता की परीक्षार्थींपैकी जवळजवळ निम्मे माझ्या पुढे आहेत. पुढच्या वर्षी मी हे गुण ३८ पर्यंत नेले, आणि त्या वाढीचा मोठा भाग व्याकरणाच्या प्रश्नांतून आला. तो कसा आला हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की मराठी माध्यमात शिकलेल्या अनेक जणांना या भागाची नाहक धास्ती वाटते, आणि या भागात उपयोगी पडणारी एक गोष्ट त्यांच्याजवळ शाळेपासून असते, याची त्यांना कल्पना नसते.

त्या वेळच्या परीक्षेचे स्वरूप आधी सांगायला हवे. व्हर्बल विभागात ६५ मिनिटांत ३६ प्रश्न सोडवायचे असत आणि त्यांचे तीन प्रकार होते: उताऱ्यांचे आकलन, युक्तिवादाची चिकित्सा आणि वाक्यशुद्धी, म्हणजे ज्याला सगळे परीक्षार्थी ‘एससी’ (सेंटेन्स करेक्शन) म्हणत. साधारण एक तृतीयांश प्रश्न एससीचे असत. एक इंग्रजी वाक्य दिलेले असे, त्याचा काही भाग किंवा ते संपूर्ण वाक्यच अधोरेखित असे आणि त्या भागासाठी पाच पर्याय असत. पहिला पर्याय नेहमी मूळ वाक्याचाच. परीक्षा संगणकावर होते आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत जाते. जुन्या स्वरूपात प्रश्न सोडून पुढे जाण्याची किंवा मागे येऊन उत्तर बदलण्याची सोय नव्हती.

पहिल्या प्रयत्नानंतर मी जादा शुल्क भरून गुणांचा विस्तृत अहवाल मागवला. व्हर्बलमधील तिन्ही प्रकारांत तुम्ही कुठे आहात आणि प्रत्येक प्रकारच्या प्रश्नाला सरासरी किती वेळ दिला, हे त्या अहवालात वेगवेगळे कळत असे. माझे उताऱ्यांचे आकलन बरे होते, युक्तिवादाचे प्रश्न मध्यम होते आणि एससी सर्वांत खाली होते. त्याहून बोलकी गोष्ट अशी की एससीची कामगिरी त्या अहवालात दोन शीर्षकांखाली विभागलेली होती, एक व्याकरण आणि दुसरे संप्रेषण, आणि माझे संप्रेषण व्याकरणापेक्षाही कच्चे निघाले. परीक्षा घेणाऱ्यांनी हे दोन भाग वेगळे का ठेवले असतील, याचा मी बराच विचार केला. नियमांत बसणारे वाक्यही लेखकाला जे म्हणायचे आहे ते नीट सांगत नसेल तर या परीक्षेत ते चुकीचे ठरत असे, एवढे मला त्या विभागणीतून समजले, आणि पुढचा सगळा अभ्यास मी या जाणिवेवर उभा केला.

आपल्याकडे शाळेत इंग्रजी व्याकरण म्हणून जे शिकवले जाते, त्यातले बरेचसे या परीक्षेत विचारलेच जात नसे. कर्तरी-कर्मणी प्रयोगांची अदलाबदल, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन, वाक्याच्या शेवटी लावायचे प्रश्नशेपूट, ‘टू’ काढून ‘सो दॅट’ घालणे यांवर आम्ही दहावीपर्यंत वह्या भरल्या होत्या. ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांचा बारकावाही जीमॅट फारसा तपासत नसे. ती तपासत असे त्या मोजक्याच गोष्टी: कर्ता आणि क्रियापद यांचे वचन जुळते का, विशेषण-वाक्यांश नेमक्या शब्दाला लागला आहे का, सर्वनाम कोणाबद्दल आहे, तुलना समान गोष्टींची आहे का, यादीतील घटक एकाच घडणीचे आहेत का, काळ प्रसंगाशी सुसंगत आहे का, आणि काही रूढ शब्दजोड्या. यादी एवढीच असली, तरी त्यातली प्रत्येक गोष्ट तीन-चार ओळींच्या वाक्यात अशी दडवलेली असे की ओझरत्या वाचनात ती दिसत नसे.

ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते किंवा जे लहानपणापासून इंग्रजी वाचत आले आहेत, ते पुष्कळदा कानाने उत्तर ठरवतात. चुकीचे वाक्य त्यांना खटकते आणि ते खटकणे बहुतेक वेळा बरोबरही असते. माझे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून, अभियांत्रिकीच्या नोंदींमधून आणि कार्यालयीन ई-मेलमधून आलेले होते. ‘प्लीज डू द नीडफुल’ ज्या कानाला सहज वाटते, तो कान अमेरिकी लेखनाच्या कसोटीवर विश्वासार्ह ठरत नाही, आणि चांगली इंग्रजी नियतकालिके वाचून तो काही महिन्यांत तयार होईल ही आशाही रास्त नाही. वाचन मी केले, त्याचा फायदा उताऱ्यांच्या प्रश्नांना झाला, पण एससीसाठी मला कानाऐवजी दुसरे साधन शोधणे भाग होते.

ते साधन मला सातवी-आठवीच्या मराठी व्याकरणात सापडले. आमच्या मराठीच्या बाई वाक्यपृथक्करण फार मनापासून शिकवत. फळ्यावर वाक्य लिहून त्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग पाडायचे, उद्देश्याचा विस्तार कोणता आणि विधेयाचा विस्तार कोणता ते वेगळे काढायचे, मिश्र वाक्य असेल तर मुख्य वाक्य आणि गौण वाक्य सांगायचे, आणि गौण वाक्य नामवाक्य आहे, विशेषणवाक्य आहे की क्रियाविशेषणवाक्य आहे तेही लिहायचे. परीक्षेत त्याला मोजके गुण असत आणि बरीच मुले ते सोडून देत. मला ते आवडत असे. जीमॅटच्या एका लांबलचक वाक्यापाशी अडले असताना मी सहज कागदावर तशीच विभागणी करून पाहिली आणि उत्तर समोर आले. त्या दिवसापासून मी प्रत्येक इंग्रजी वाक्य असेच सोडवू लागले.

एक साधे वाक्य उदाहरण म्हणून घेते. ‘द क्वालिटी ऑफ द पार्ट्स सप्लाइड बाय द स्मॉल वर्कशॉप्स अराउंड चाकण हॅव इम्प्रूव्ह्ड.’ घाईत वाचले तर हे वाक्य ठीक वाटते, कारण क्रियापदाच्या आधी ‘पार्ट्स’ आणि ‘वर्कशॉप्स’ असे दोन अनेकवचनी शब्द येऊन गेलेले असतात. पृथक्करण केले तर ‘द क्वालिटी’ हे उद्देश्य, ‘ऑफ द पार्ट्स’पासून ‘चाकण’पर्यंतचा सगळा मजकूर हा उद्देश्याचा विस्तार आणि ‘हॅव इम्प्रूव्ह्ड’ हे विधेय. विस्तार झाकून वाचले की ‘द क्वालिटी हॅव इम्प्रूव्ह्ड’ एवढेच उरते आणि तेथे ‘हॅज’ हवे हे कोणालाही कळते. प्रत्यक्ष परीक्षेतल्या वाक्यांत असे विस्तार एकात एक गुंतलेले असत, त्यातच एखादे विशेषणवाक्य स्वल्पविरामांमध्ये घातलेले असे, पण पद्धत बदलत नसे. मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद सापडल्याखेरीज पर्यायांकडे बघायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. कधी कधी मुख्य क्रियापद सापडतच नसे, आणि तेच उत्तर असे: ते वाक्य पूर्णच नसे, ‘दॅट’ किंवा ‘विच’ने सुरू झालेल्या गौण वाक्यानेच क्रियापद गिळलेले असे.

दुसरी सवय लावली ती अर्थाची. पर्याय पाहण्याआधी वाक्याचा आशय मनातल्या मनात मराठीत सांगायचा: कोणी, काय केले, कशामुळे, कशाच्या तुलनेत. येथे शब्दशः भाषांतर अपेक्षित नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाला आपण जसे सांगू तसे सांगायचे. असे सांगता आले नाही तर वाक्य समजलेले नाही, हे लगेच लक्षात येई. इंग्रजीत वाचताना समजल्याचा जो भास होतो तो मराठीत सांगताना टिकत नाही. अहवालातल्या संप्रेषणाच्या शीर्षकाखालचे माझे दुखणे या एका सवयीने पुष्कळ हलके झाले.

परंतु मराठीचा आधार घेताना एका बाबतीत अत्यंत सावध राहावे लागते. मराठीत जे पूर्णपणे निर्दोष आहे, तेच इंग्रजीत आणले की नेमके परीक्षेने लावलेल्या सापळ्यात पाय पडतो. माझ्या सरावात चुकलेल्या प्रश्नांची छाननी केल्यावर त्यातले पुष्कळसे मोजक्या जागी एकवटलेले दिसले आणि त्या सगळ्या जागांचे मूळ आपल्या भाषेच्या घडणीत होते.

त्यातली पहिली जागा वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या धातुसाधितांची. ‘स्टेशनकडे जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठी वाक्य कोणालाही खटकणार नाही. जाणारा कोण हे वाक्यात सांगितलेले नाही, ते संदर्भावरून कळते, आणि मराठी ते चालवून घेते. हेच इंग्रजीत ‘वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड’ असे लिहिले तर व्याकरणाच्या दृष्टीने पाऊसच स्टेशनकडे चालत निघतो, कारण सुरुवातीचा ‘आयएनजी’चा वाक्यांश स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. जीमॅटला हा प्रकार फार प्रिय होता. वाक्य ‘फाउंडेड इन अमुक साली’ असे सुरू व्हायचे, आणि स्वल्पविरामानंतर संस्थेऐवजी संस्थेच्या संस्थापकाचे नाव किंवा ‘संस्थेचे उत्पन्न’ यायचे. म्हणून असा वाक्यांश दिसला की मी प्रश्न विचारू लागले: हे कोणी केले, किंवा हे कोणाबद्दल आहे? उत्तरात जे नाम येईल ते स्वल्पविरामाला लागूनच असले पाहिजे. या एका प्रश्नाने पाचांतले दोन-तीन पर्याय बाद होत.

तुलना ही दुसरी जागा. ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे’ असे आपण बोलतो, लिहितो, वर्तमानपत्रांत छापतो. ‘पुण्याच्या लोकसंख्येपेक्षा’ असे लिहायची गरज आपल्याला वाटत नाही. इंग्रजीत ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे’ हे जीमॅटच्या दृष्टीने चूक, कारण तेथे लोकसंख्येची तुलना शहराशी झाली. तेथे ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हवे, आणि तुलना अनेकवचनी गोष्टीची असेल तर ‘दोज ऑफ’. वाक्य ‘अनलाइक’ किंवा ‘लाइक’ने सुरू झाले तर त्यानंतरचे नाम आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकाच जातीचे आहेत का हे पाहायचे. माझ्या कानाला तुलनेतली चूक कधीच ऐकू आली नसती, इतकी ती मराठी वळणाशी जुळणारी आहे. म्हणून तुलना दिसली की तिच्या दोन्ही बाजू बोटाने दाखवून घ्यायच्या, अशी शिस्त मी लावून घेतली.

काळांच्या बाबतीत आपला ‘होता’ आड येतो. ‘मी काल त्याला भेटलो होतो’ असे मराठीत सहज म्हटले जाते, आणि त्याच सवयीने आपल्या कार्यालयांत ‘आय हॅड मेट हिम यस्टरडे’ सर्रास लिहिले जाते. इंग्रजीतील पूर्ण भूतकाळाला दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेचा आधार लागतो. दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवायचे असेल तेव्हाच ‘हॅड’ येते, आणि ‘बिफोर’, ‘आफ्टर’ यांसारख्या शब्दांनी क्रम आधीच स्पष्ट झाला असेल तर साधा भूतकाळही पुरतो. ‘सिन्स’ किंवा ‘ओव्हर द पास्ट डेकेड’ असे काही दिसले की ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ शोधायचे. काळाची एक रेष कागदावर काढून तिच्यावर घटना मांडल्या की हे प्रश्न सुटतात. मला ती रेष नंतर मनातच दिसू लागली.

सर्वनामांच्या बाबतीत तर मराठी आपल्याला फार लाडावून ठेवते. ‘सरकारने कंपनीला परवाना दिला, पण नंतर तो रद्द झाला’ या वाक्यात ‘तो’ म्हणजे परवाना. ‘पण नंतर ती बंद पडली’ म्हटले की कंपनी, ‘पण नंतर ते कोसळले’ म्हटले की सरकार. तीन लिंगे तीन नामांना वेगळी ओळखतात आणि वाचक क्षणभरही अडखळत नाही. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच ‘इट’ येते. म्हणून मराठी वाचकाला जेथे संदिग्धता जाणवतच नाही, तेथे इंग्रजी वाक्य संदिग्ध असू शकते. ‘इट’, ‘दे’, ‘देअर’ दिसले की त्याआधीची सगळी एकवचनी किंवा अनेकवचनी नामे शोधायची आणि सर्वनामाच्या जागी ते नाम घालून वाचायचे. मात्र केवळ दोन नामे उपलब्ध आहेत म्हणून पर्याय लगेच बाद करणे घातक ठरते. अर्थाने एकच नाम बसत असेल तर परीक्षा ते पुष्कळदा मान्य करत असे, आणि चांगला पर्याय अशा अतिरेकी कडकपणामुळे हातचा जातो.

‘विच’ही याच कुळातले आहे. ‘द रेट्स फेल शार्पली, विच वरीड द फार्मर्स’ असे लिहायला आपल्याला काहीच वाटत नाही, कारण ‘भाव पडले, ज्यामुळे शेतकरी चिंतेत पडले’ अशी वाक्ये आपण रोज वाचतो. जीमॅटच्या संकेतानुसार ‘विच’ एखाद्या नामाबद्दल असावे लागते, संपूर्ण घटनेबद्दल ते वापरता येत नाही. तेथे ‘वरीइंग द फार्मर्स’ असा वाक्यांश चालतो, कारण स्वल्पविरामानंतरचा असा वाक्यांश आधीच्या पूर्ण घटनेला लागतो आणि तिचा परिणाम सांगतो. हा एक संकेत पक्का झाल्यावर अवघड पातळीचे कितीतरी प्रश्न मला सुटू लागले, म्हणून तो मी सर्वांना आवर्जून सांगते.

याउलट एका ठिकाणी मराठीने थेट मदत केली. ‘नियम असा आहे की प्रत्येकाने अर्ज भरावा’ यात आपण ‘भरतो’ म्हणत नाही, विध्यर्थ वापरतो. इंग्रजीत ‘रिक्वायर दॅट’, ‘डिमांड दॅट’, ‘रेकमेंड दॅट’ यांच्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप येते: ‘दॅट एव्हरी अ‍ॅप्लिकंट सबमिट’, ‘सबमिट्स’ नव्हे. अनेक हुशार मित्रमैत्रिणींना हे रूप विचित्र वाटत असे. मला ते विध्यर्थासारखे वाटले आणि त्यानंतर त्याबद्दल कधी शंका आली नाही.

समांतर रचनेचा अभ्यास तुलनेने सोपा गेला. ‘नॉट ओन्ली’नंतर जे येईल तेच ‘बट ऑल्सो’नंतर यावे, ‘बोथ’ असेल तर ‘अँड’ हवे, यादीत पहिली दोन क्रियापदे एका रूपात असतील तर तिसरेही त्याच रूपात हवे, एवढे लक्षात ठेवून थोडा सराव केला की हात बसतो. रूढ शब्दजोड्यांच्या लांबलचक याद्या मी पाठ केल्या नाहीत. बाजारात शेकडो जोड्यांच्या याद्या मिळतात, पण त्यांच्यावर घालवलेल्या वेळाच्या मानाने फळ थोडे मिळते असे माझे स्पष्ट मत आहे. अधिकृत प्रश्नांत ज्या भेटल्या तेवढ्या मी लिहून ठेवल्या: ‘कन्सिडर’नंतर ‘अ‍ॅज’ नको, ‘बिट्वीन’नंतर ‘अँड’, मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’, ‘द नंबर ऑफ’ एकवचनी आणि ‘ए नंबर ऑफ’ अनेकवचनी.

हे सारे कळणे आणि गुण वाढणे यांच्यामध्ये वहीचे काम होते. मी एक जाड दोनशे पानी वही घेतली आणि सोडवलेल्या प्रत्येक अवघड प्रश्नाचे पाचही पर्याय का बरोबर किंवा का चूक ते तिच्यात मराठीत लिहू लागले. उत्तर बरोबर आले असले तरी लिहायचे, कारण अंदाजाने आलेले बरोबर उत्तर पुढच्या वेळी साथ देत नाही. ‘हा पर्याय विचित्र वाटतो’, ‘हा लांब आहे’, ‘हा नीट वाचता येत नाही’ अशी कारणे वहीत चालणार नाहीत असे ठरवले. कारण नेमके असले पाहिजे: ‘सर्वनामाला नाम नाही’, ‘तुलना शहराशी होते’, ‘मुख्य क्रियापद नाही’, ‘क्रियेचा कर्ता बदलला म्हणून अर्थ बदलला’. सुरुवातीला एका प्रश्नाला अर्धा तास लागे. कंपनीच्या बसमध्ये प्रश्न सोडवायचे आणि रात्री घरी आल्यावर वही लिहायची असा क्रम बसला. शनिवार-रविवारी मागची पाने झाकून तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे. दुसऱ्यांदाही जे अडत ते वेगळ्या पानावर उतरवत गेले आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात फक्त तीच पाने वाचली.

प्रश्न कुठून घ्यावेत याबद्दल माझे मत ठाम आहे. परीक्षा घेणाऱ्या जीमॅक या संस्थेचे अधिकृत पुस्तक, ज्याला सगळे ‘ओजी’ म्हणतात, आणि तिच्याच सराव परीक्षा यांबाहेर एससीसाठी जाऊ नये, असे मी ठरवले होते. खासगी वर्गांनी तयार केलेल्या प्रश्नांत पुष्कळदा दोन पर्याय सारखेच समर्थनीय असतात किंवा एखादा कृत्रिम नियम तपासलेला असतो, आणि ते सोडवताना आपली निर्णयक्षमता नकळत बिघडते. ‘बीइंग असलेला पर्याय नेहमी चूक’, ‘कर्मणी प्रयोग नेहमी चूक’, ‘सर्वांत छोटा पर्याय बरोबर’ असले ठोकताळेही अशाच ठिकाणी पसरतात. अधिकृत प्रश्नांत यांतल्या प्रत्येकाला अपवाद आहेत. शिवाय अवघड पातळीवर परीक्षा याच ठोकताळ्यांवर विसंबणाऱ्यांना गाळत असे.

वेळेचे गणित नंतर आले. ६५ मिनिटांत ३६ प्रश्न म्हणजे सरासरी एक मिनिट ४८ सेकंद, पण उताऱ्यांना जास्त वेळ लागत असल्याने एससी सव्वा मिनिटाच्या आसपास आटोपावे लागे. पृथक्करण कागदावर करत बसायला तेवढा वेळ पुरणार नाही, ही माझी सुरुवातीची मोठी काळजी होती. प्रत्यक्षात वहीचे काम जसे वाढत गेले तसे उद्देश्य, विधेय आणि विस्तार वाचतानाच वेगळे दिसू लागले आणि कागदाची गरज उरली नाही. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात मी घड्याळ लावलेच नाही, आणि हे योग्य होते असे आजही वाटते. बहुतेक प्रश्न नेमक्या कारणांसह सुटू लागल्यावरच वेळ मोजायला सुरुवात केली. पर्याय वाचण्याची रीतही बदलली. पाचही पर्याय सलग वाचण्याऐवजी त्यांच्यातील फरक उभे पाहायचे: पहिल्या शब्दात ‘हॅज’ आणि ‘हॅव’ असे दोन गट पडतात का, मध्ये कुठे ‘विच’ आणि ‘आयएनजी’ असा भेद आहे का. एका नेमक्या फरकावर निर्णय झाला की गटच्या गट बाद होतो आणि उरलेल्या दोन पर्यायांत अर्थाकडे लक्ष द्यायला सवड मिळते.

मधल्या काळात सराव परीक्षांतील गुण बराच काळ एका जागी थांबले होते. त्या वेळी नवे नियम शोधण्याचा मोह फार होतो. मी वही उघडून कारणांची वर्गवारी केली, तेव्हा व्याकरणाच्या कारणांची संख्या उतरलेली आणि अर्थाच्या कारणांची संख्या तशीच राहिलेली दिसली. दोन पर्याय उरल्यावर मी त्यातला नीटनेटका पर्याय निवडत होते आणि मूळ अर्थ कोणता टिकवतो हे पाहायचे राहत होते. ‘ओन्ली’ हा शब्द दोन जागा सरकला तरी विधानाचा आवाका बदलतो, ‘मे’ आणि ‘विल’ यांत शक्यता आणि खात्री एवढे अंतर असते. या दोन-चार लहान शब्दांभोवती मी रंगीत पेन्सिलीने गोल करू लागले आणि गुणांची चढण पुन्हा सुरू झाली.

२०२२ मध्ये दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा विभागांचा क्रम निवडण्याच्या सोयीचा उपयोग करून मी व्हर्बल सर्वांत आधी घेतले. डोके ताजे असताना वाक्ये वाचावीत एवढाच विचार होता. केंद्रावर पिवळी, पुसता येणारी पाने आणि मार्कर देतात. एससीसाठी त्यावर मी फक्त ‘ए’ ते ‘ई’ असे पाच रकाने आखून बाद झालेले पर्याय खोडत गेले. मधल्या काही प्रश्नांना वाक्ये इतकी अवघड होती की परीक्षेने पातळी वाढवली असावी असे वाटले, आणि त्याने धीर आला. शेवटी पडद्यावर व्हर्बलपुढे ३८ आकडा दिसला. पर्सेंटाइलच्या भाषेत तो पंच्याऐंशीच्या जवळपास होता आणि एकूण गुण सातशेच्या पुढे गेले होते.

त्यानंतर परीक्षाच बदलली. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटची फोकस आवृत्ती आली, ३१ जानेवारी २०२४ नंतर जुनी आवृत्ती बंद झाली आणि नव्या व्हर्बल विभागातून वाक्यशुद्धीचे प्रश्न पूर्णपणे वगळले गेले. आता त्या विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, तेही केवळ उतारे आणि युक्तिवाद यांवर. ‘मग तुझ्या वहीचा आता काय उपयोग?’ असे माझ्या धाकट्या मावसभावाने मला विचारले. तो फोकसची तयारी करत होता आणि युक्तिवादाच्या प्रश्नांत अडत होता. त्याला मी तेच करायला लावले: प्रत्येक विधानाचा कर्ता, क्रिया आणि मर्यादा घालणारे शब्द वेगळे काढायचे आणि विधान मराठीत सांगायचे. निष्कर्षात ‘काही’ आहे की ‘बहुतेक’, दावा संख्येबद्दल आहे की प्रमाणाबद्दल, हे त्याला त्यामुळे दिसू लागले.

शिवाय व्याकरण सगळ्याच प्रवेशपरीक्षांतून गेलेले नाही. आपल्या राज्यातील व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठीच्या सीईटीमध्ये १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, त्यातील ५० इंग्रजीचे, आणि त्यांत वाक्यातील चूक शोधण्याचे व वाक्य सुधारण्याचे प्रश्न येतात. एनमॅट या दुसऱ्या व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेच्या भाषा विभागातही असे प्रश्न असतात. सीईटीत एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंदच मिळतात, त्यामुळे तेथे सगळ्या पर्यायांचा ऊहापोह करायला सवड नसते. मात्र वाक्ये आखूड असतात, बहुतेक वेळा एकच चूक असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेथे मी सांगते तो क्रम असा: आधी मुख्य कर्ता आणि क्रियापद, मग सर्वनाम, मग तुलना, मग काळ, आणि तरीही चूक सापडली नाही तर शब्दयोगी अव्यये. या क्रमाने पाहूनही काही हाती लागले नाही, तर वाक्य निर्दोष असल्याचा पर्याय निवडून लगेच पुढच्या प्रश्नाकडे जावे.